कॉलेजच्या पर्यावरण पेपरसाठी घेतलेला फील्ड कोर्स: नदीचा दिवस एक नंबर, हॉलमधलं सेशन टाळा

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे हा रिव्ह्यू कुठून येतोय ते कळेल. पुण्यातल्या एका कॉलेजात मी कॉमर्सच्या पोरांना कॉस्टिंग शिकवते आणि पर्यावरणाचा पेपरही माझ्याकडेच आहे. माझ्याकडे का, तर कॉलेजात शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, ज्याचं वर्कलोड दोन लेक्चरनी कमी भरतं त्याच्या गळ्यात ईव्हीएस, म्हणजे हाच पर्यावरणाचा पेपर, पडतो, मग तो मराठीचा असो, स्टॅटचा असो नाहीतर जिमखान्याचा. पोरांनाही हे चांगलं माहितीये. त्यामुळे त्यांच्या लेखी हा पेपर म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री झेरॉक्सवाल्याकडनं नोट्स आणायच्या आणि "शाश्वत विकास म्हणजे काय" आलं की आरती म्हणावी तशी व्याख्या लिहून मोकळं व्हायचं.

यंदा प्रिन्सिपल सरांच्या मागे लागून आम्ही बाहेरच्या एका संस्थेचा फील्ड कोर्स घेतला. पॅकेज असं, की ते कॉलेजात येऊन अर्ध्या दिवसाचं सेशन घेणार, मग नदी, कचरा आणि टेकडी असे तीन फील्ड, शेवटी ग्रुप प्रोजेक्ट आणि सर्टिफिकेट. माणशी साडेसहाशे, बस आपली. संस्थेचं नाव टाकत नाहीये, कारण खाली तक्रारीही आहेत, आणि खरं सांगायचं तर पुण्यात असे कोर्स देणारे आता भरपूर झालेत आणि पॅकेज सगळ्यांचं थोड्याफार फरकानं हेच असतं. तुम्ही कुणाचाही घेत असाल तरी काय बघायचं ते यावरून कळेल.

ज्यांना वाटतंय की एवढा खर्च कशाला, वर्गात शिकवा की, त्यांच्यासाठी थोडं मागचं. हा पेपर आला तो कोर्टामुळे. एम. सी. मेहता या वकिलांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्ये सांगितलं की पर्यावरण विषय शाळा-कॉलेजात सक्तीचा करा. त्यावर बारा वर्षं बऱ्यापैकी सामसूम, २००३ मध्ये कोर्टाला परत कान धरावे लागले, तेव्हा कुठे तो सगळ्या शाखांना खरोखर लागू झाला. यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, सहा महिन्यांचा मोड्यूल, ८ युनिट, ५० लेक्चर. त्याचं पुस्तकही पुण्यातच झालं बरं का, भारती विद्यापीठाच्या पर्यावरण संस्थेतल्या डॉ. एरच भरुचांनी लिहिलं. आता गंमत बघा, त्या ५० मधली ५ लेक्चरं फील्ड वर्कची होती आणि १०० पैकी २५ मार्क त्यालाच. पाचच लेक्चरं, पण पाव मार्क! म्हणजे करणाऱ्यांना कळत होतं की खरा माल कुठे आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्या २५ मार्कांसाठी "माझ्या परिसरातील नदी" नावाची नेटवरून उतरवलेली फाइल यायची, फोटोत नदी कुठलीही, एका वर्षी तर मला मागे बर्फाचे डोंगर असलेली मुठा आली होती. नव्या शैक्षणिक धोरणानंतर २०२३ ला यूजीसीनं ४ क्रेडिटचा नवा आराखडा काढला, त्यातही फील्ड आहेच. पण सव्वाशे पोरांना घेऊन कॉस्टिंगची मॅडम एकटी नदीवर जाऊन काय दाखवणार, हातात ना किट ना माहिती. म्हणून बाहेरचे.

तर पहिलं, हॉलमधलं सेशन. हे सरळ सांगते, पैसे पाण्यात. प्रोजेक्टरवर सतरा रंगीत चौकोन, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची सतरा शाश्वत विकास उद्दिष्टं, त्यातला एकेक चौकोन वाचून दाखवायचा, मग १६९ टार्गेट आहेत असं सांगायचं, मग क्विझ, जिंकेल त्याला कापडी पिशवी. ती शाश्वत विकासाची १९८७ च्या ब्रुंटलँड कमिशनची व्याख्या, भावी पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं वगैरे, ती तीनदा म्हणून घेतली. अरे हे तर आमच्या झेरॉक्स नोट्समध्येही आहे, त्याला साडेसहाशे कशाला. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं मस्त प्रश्न विचारला की आत्ताच्या पिढीतच कुणाची गरज मोजायची, आमच्या गावाला प्यायचं पाणी आठवड्यातनं एकदा येतं आणि इथे सोसायटीत गाड्या धुतात, तर मग पुढच्या पिढीचं नंतर बघू की. यावर सेशन घेणाऱ्या ताई म्हणाल्या "खूप छान प्रश्न, टाळ्या वाजवा तिच्यासाठी." टाळ्या वाजल्या. उत्तर नाही.

आणि दुसऱ्या एका पोरानं विचारलं की बालभारती ते पौड फाटा रस्ता व्हावा की नाही, तर "आपण इथे राजकारणात नको जायला." ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. पुण्यात बसून शाश्वत विकास शिकवायचा आणि वेताळ टेकडीवरून जाणारा हाच रस्ता, नदीकाठ सुधारणा, ट्रॅफिक, म्हणजे ज्यावर घरोघरी भांडणं होतायत ते सगळं सोडून ॲमेझॉनच्या जंगलाचे फोटो दाखवायचे? रस्ता झाला तर लॉ कॉलेज रोडचा ताण कमी होईल म्हणणारे आहेत, टेकडी जाईल आणि तिच्याबरोबर जमिनीत मुरणारं पाणीही जाईल म्हणणारे आहेत. दोन्ही बाजू मांडा, पोरांना भांडू द्या, तुम्ही निकाल देऊ नका. पण विषय तोच आहे ना? विकास एकीकडे, पर्यावरण एकीकडे, मध्ये माणसं. हेच वगळलं तर उरतं काय, चौकोन.

फूटप्रिंट कॅल्क्युलेटर नावाचा एक प्रकारही करून घेतला मोबाइलवर, सगळे तुमच्यासारखे जगले तर किती पृथ्व्या लागतील ते सांगतो. आमची अर्धी पोरं होस्टेलला एका खोलीत चौघं, पीएमटीनं येणारी, मेसला जेवणारी, त्यांना विचारतंय वर्षात विमानानं किती तास फिरता. हशा पिकला, बाकी काही नाही. मी पुढच्या लेक्चरला सरळ घरचं लाइटबिल आणायला लावलं. आपल्याकडे ग्रिडच्या विजेला एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरतात, पेट्रोलच्या लिटरला साधारण २.३ किलो, १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर पूर्ण जळला की चाळीसेक किलो. एवढे तीन आकडे फळ्यावर लिहिले आणि म्हणलं करा आता. पोरं तासभर कॅल्क्युलेटर बडवत होती, एकमेकांच्या गाडीचं ॲव्हरेज काढून वाद घालत होती. कॉमर्सच्या पोरांना आकडा द्या, ती कामाला लागतात. संस्थेनं हे लक्षात घ्यायला हवं होतं, की समोर कोण बसलंय.

आता नदीचा दिवस. इथे मात्र मी सगळं माफ करायला तयार आहे.

सकाळी बस खडकवासल्याला, मुठेवरच्या धरणापाशी. सिंहगड रोडबद्दल बोलत नाही, ज्यांना माहितीये त्यांना माहितीये. तिथे धरणाच्या भिंतीकडे बघत गाइड ताईंनी (या वेगळ्या, हॉलवाल्या नव्हेत, आणि हा फरक पुढे महत्त्वाचा आहे) पहिलं वाक्य टाकलं, "आज सकाळी तुम्ही ज्या पाण्यानं दात घासले ते इथून आलं, आता ते कुठे गेलं ते बघायला जाऊ." बस्स, दिवसाचा विषय संपला एका वाक्यात. मग धरण १८७९ चं, वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर, चारही मिळून क्षमता २९.१५ टीएमसी, एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर, हे सगळं त्यांनी पोरांकडूनच गुणाकार करून काढून घेतलं. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर आला की पुण्यात कुणाच्या तरी आजीची गोष्ट निघतेच, तशी निघाली, दोन मिनिटं सगळे शांत. त्यानंतर कालवा दाखवला. शहराचं आणि पुढे दौंड-इंदापूरच्या शेतीचं पाणी कालव्यानं जातं, त्यामुळे धरणाखाली नदीत पावसाळा सोडला तर धरणाचं पाणी असं फारसं नसतंच. मग शहरात जी वाहते ती काय आहे? हा प्रश्न हवेत ठेवून बस पुढे.

पाण्यातला ऑक्सिजन मोजायची टेस्ट तीन ठिकाणी केली, धरणाजवळ, नदी शहरात शिरते तिथे विठ्ठलवाडीला आणि शहरातनं वाहून आल्यावर बंडगार्डनच्या खाली. ही जरा सविस्तर सांगते कारण कोर्सचा जीव यातच आहे. तीनशे मिलीची काचेची बाटली, ती पाण्यात बुडवून अशी भरायची की आत एक बुडबुडा राहता कामा नये. त्यात मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइडचं द्रावण, बूच लावायचं आणि बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी गाळ तयार होऊन हळूहळू खाली बसतो. धरणाजवळच्या बाटलीत तो बसला, छान चहासारखा तपकिरी. मग ॲसिड टाकलं की गाळ विरघळून पिवळं होतं, स्टार्च टाकला की गडद निळं, आणि मग थायोसल्फेट थेंब थेंब सोडत जायचं, निळा रंग गायब झाला की थांबायचं, किती लागलं त्यावरून ऑक्सिजन निघतो. स्वच्छ वाहत्या पाण्यात लिटरला सात-आठ मिलिग्रॅम असतो, आणि मासे नि वन्यजीव जगवायचे तर निदान ४ हवा हा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष. हे आकडे ताईंनी आधी सांगितलेच नाहीत! पोरांनी स्वतः काढलेला आकडा वहीत लिहिल्यावर सांगितले. शिकवणारी मी पण आहे, मला कळतं हे किती अवघड असतं, तोंड बंद ठेवणं.

विठ्ठलवाडीला गाळ फिकट. आणि बंडगार्डनला बाटली उलटी केली, परत केली, गाळ पांढराच. पांढरा म्हणजे ऑक्सिजन जवळपास नाहीच. पोरांना वाटलं केमिकल संपलं किंवा किट खराब आहे. ताई म्हणाल्या, असेल, परत करा. दुसरी बाटली, दुसऱ्या ग्रुपनं, परत पांढरा. आमच्यातला एक नेहमीचा टवाळ पोरगा, ज्याला मी वर्षभरात पुस्तक उघडताना बघितलं नाही, तो ती बाटली उन्हाकडे धरून बराच वेळ बघत होता. वासाचं मी वेगळं सांगत नाही. आणि आवडलेली गोष्ट, वापरलेलं सगळं केमिकल त्यांनी कॅनमध्ये जमा करून परत नेलं, नदीत नाही ओतलं. कुणी न विचारता, कुणाला न सांगता.

त्यानंतर काठावरच नकाशा पसरला. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनी धरणात. आणि इथे जे झालं ते कुठल्याही पीपीटीत बसणार नाही. आमच्या वर्गात करमाळ्याकडचा एक मुलगा आहे, गप्प असतो. तो म्हणाला, "मॅडम, उजनी आमच्याकडं आहे. आमी त्येच पितो." कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. मग तोच सांगायला लागला, उन्हाळ्यात पाणी कसं हिरवं होतं, जलपर्णी कशी येते, धरणात मासे धरणारे काय म्हणतात. एकीनं विचारलं मग तिथेच उजनीच्या काठी भिगवणला फ्लेमिंगो कसे येतात, पाणी घाण आहे तर? तर ताईंनी समजावलं की सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ नि बारीक जीव माजतात आणि फ्लेमिंगो तेच खातात, तेव्हा पक्षी आले म्हणजे पाणी चांगलं असं नाही. आम्ही दरवर्षी कॉलेजची सहल भिगवणला नेतो आणि "समृद्ध निसर्ग" म्हणून फोटो टाकतो, हे आठवून माझंच मला हसू आलं.

मी तिथेच माझा विषय घुसवला, राहवलं नाही. फर्स्ट इयरला अर्थशास्त्रात शिकवलेलं असतं, एक्स्टर्नॅलिटी, म्हणजे खर्च एकाचा आणि बिल दुसऱ्याला. पुण्याच्या पाणीपट्टीत उजनीचं पाणी पिणाऱ्या सोलापूरच्या फिल्टरचा खर्च कुठे धरलाय दाखवा. उजनीतल्या मच्छीमाराचं नुकसान कुठल्या खात्यात टाकायचं? पोरांना ते इतकं पटकन कळलं, की मला वाटलं हा पेपर कॉमर्सवाल्यांनीच शिकवायला हवा. पुढचा वाद तर त्यांनीच काढला. जायका या जपानी सरकारी संस्थेच्या मदतीनं शहरात ११ नवी सांडपाणी शुद्धीकरण केंद्रं बांधायचा प्रकल्प आहे असं ताईंनी सांगितलं, तर एक मुलगी म्हणाली ती केंद्रं चालवायला वीज लागणारच की, आणि वीज बरीचशी कोळशावरची, म्हणजे नदीतली घाण उचलून हवेत टाकायची का? ताईंनी टाळ्या वाजवायला नाही सांगितल्या. म्हणाल्या, हो, काही प्रमाणात तसंच आहे, आता तुम्ही ठरवा काय महाग पडतं, आणि अजून एक धरा हिशोबात, की शुद्ध केलेलं पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, कालव्यात सोडून शेतीला द्यायची योजना आहे, म्हणजे तेवढं धरणातलं पाणी वाचू शकतं, पण ते खरंच किती शुद्ध होऊन जातं त्यावर सगळं आहे. परतीच्या बसमध्ये पोरं यावर भांडत होती. गाणी नाही लावली कुणी, हे कॉलेजच्या बसमध्ये मी पहिल्यांदा बघितलं.

त्या दिवसाची तक्रार एकच, पण गंभीर आहे. ॲसिड हाताळायचं असताना चाळीस पोरांच्या बॅचमध्ये गॉगल दोन. ग्लोव्ह्ज होते पण मोठ्या साइझचे, मुलींच्या हातातून निसटत होते. मी ॲसिडची स्टेप फक्त ताईंनीच करायची असं तिथल्या तिथे सांगितलं, त्यांनी ऐकलं. पण हे मी सांगायची वेळ यायला नको होती. बुक करताना विचाराच.

कचऱ्याचा दिवस. माझी अपेक्षा होती की ओला-सुका, हिरवा डबा-निळा डबा, झालं. पण त्यांनी आम्हाला एका वर्गीकरण शेडला नेलं आणि शिकवायला उभ्या राहिल्या कचरावेचक ताई. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ पासूनची, आणि त्यातूनच उभी राहिलेली 'स्वच्छ' ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेबरोबर करार करून घरोघरचा कचरा उचलते, हे पोरांना माहीतच नव्हतं, रोज दारात येणाऱ्या बाई म्हणजे महापालिकेच्या पगारी नोकर असं बहुतेकांना वाटत होतं. उत्पन्न घरटी मिळणाऱ्या फीमधून आणि भंगार विकून. झालं, पोरांनी लगेच रेव्हेन्यू मॉडेल काढायला घेतलं, फी कुणी बुडवली तर काय, भंगाराचा भाव पडला तर काय, पावसाळ्यात पुठ्ठा भिजला तर भाव किती उतरतो.

ताईंनी टेबलावर वस्तू मांडल्या आणि एकेक उचलून विचारायचं, "याचं काय मिळंल?" पुठ्ठा, पत्रा, पाण्याची बाटली, दुधाची पिशवी, इथपर्यंत अंदाज बरे आले. चिप्सचं चकचकीत पाकीट उचललं तर पोरं म्हणाली हे भारी दिसतंय, याला जास्त. "याला कुत्रं इच्यारत नाय." कारण त्यात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले, वेगळे करणं परवडत नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा आपण कापून टाकतो ना, तो तेवढासा तुकडा कुणाच्या हाताला लागत नाही आणि सरळ गटारात जातो, म्हणून पिशवीला चीर द्यायची, कोपरा वेगळा करायचा नाही. एवढी साधी गोष्ट, मी स्वतः आयुष्यभर कोपरे कापत आले.

मग सॅनिटरी पॅडचा विषय. ताईंनी काही लाजणं नाही, काही भाषण नाही, म्हणाल्या हे उघडं टाकता तुम्ही, मी हातानं वेगळं करते, कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा म्हणजे मला कळंल. मुलगे खाली बघत होते. बघू देत. हॉलमधल्या "गोल नंबर ५" (स्त्री-पुरुष समानता) आणि "गोल नंबर ८" (सन्मानाचं काम) च्या स्लाइडनं जे झालं नाही ते इथे दोन मिनिटांत झालं.

मी संस्थेच्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं की ताईंना मानधन देता का. देतात, आणि आमच्यासमोर दिलं. हे तुम्हीही विचारा, कारण कष्टकरी बाईचा अर्धा दिवस फुकट घेऊन शाश्वत विकास शिकवणारेही असतील. नाश्ता तिथेच होता, पोहे आणि चहा, स्टीलच्या ताटल्यांत, ज्याची त्यानं धुवायची. पोहे गार होते.

टेकडीबद्दल थोडक्यात. वेताळ टेकडीला नेलं. इथले गाइड दादा अतिशय जाणकार, पण निघालो नऊला! पुण्यात टेकडीवर नऊला कोण जातं, टेकडीवाले तोवर आंघोळ करून पेपर वाचत असतात. उन्हानं पोरं पेंगुळली आणि चांगला विषय निम्म्यावर राहिला. विषय असा, की टेकडीवर जिकडे तिकडे लावलेलं गिरिपुष्प, म्हणजे ग्लिरिसिडिया, हे झाड बाहेरचं. पटकन वाढतं, हिवाळा संपता संपता गुलाबी फुलतं, फोटोला छान. सुतळीनं दहा बाय दहा मीटरचा चौकोन आखून आत किती प्रकारची झाडं-झुडपं-गवतं आहेत ती मोजायची, एक चौकोन गिरिपुष्पाखाली आणि एक उघड्या माळाच्या बाजूला जिथे गणेर, सालई, खैर आणि गवत आहे. पोरांना वाटलं होतं हिरवं गच्च आहे तिथे जास्त निघतील. उलटं निघालं. आमच्या एनएसएसच्या पोरांचे चेहरे बघण्यासारखे होते, कारण त्यांचा सगळा कार्यक्रमच "खड्डे घ्या, रोपं लावा, फोटो काढा". "मग झाडं लावायचीच नाहीत का" असं एकानं विचारलं, दादा म्हणाले लावा की, पण आधी बघा तिथे काय आहे, माळरान म्हणजे रिकामी जागा नव्हे. याच्यावर अजून तासभर हवा होता. सहाला गेलो असतो तर मिळाला असता.

प्रोजेक्ट आणि सर्टिफिकेट हा भाग ठीकठाक. संस्थेनं दिलेला फॉरमॅट फारच शाळकरी, "उद्दिष्टे, साहित्य, निष्कर्ष", आणि त्यात पोरं परत नोट्सच्या भाषेत शिरली. मी तो बाजूला ठेवला आणि सांगितलं, कॉलेज कँटीनचा एक आठवड्याचा खर्च मांडा, पण जे बिल कँटीन भरत नाही तेही मांडा. एका ग्रुपनं कागदी कप विरुद्ध काचेचे ग्लास असा हिशोब आणला, धुण्याचं पाणी, धुणाऱ्या मावशींचा वेळ, फुटणारे ग्लास, कप उचलायचा खर्च, सगळं धरून. काच स्वस्त पडली, पण मावशींचं काम वाढतं आणि त्यांचा पगार वाढवला तर गणित जवळजवळ बरोबरीत येतं, असं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं. मी पूर्ण मार्क दिले. प्रिन्सिपल सरांना अजून वाटतंय की सेल्फी पॉइंट केला असता तर जास्त दिसला असता. असो.

एकूण पाचपैकी साडेतीन. नदी आणि कचऱ्याला साडेचार, टेकडीला वेळ सुधारली तर चार, हॉलला एक, तोही कापडी पिशवी चांगली शिवलेली होती म्हणून. साडेसहाशे आमच्या पोरांना जड जातात हेही लिहायला हवं, काहींचे आम्ही स्टुडंट वेल्फेअरमधून भरले, पण दर कॉलेजला ते जमेल असं नाही. संस्थेला सवलत मागितली तर "संख्या वाढवा" म्हणाले, पण संख्या वाढली की किट अपुरं पडतं, तेव्हा त्या फंदात पडू नका, तीसच्या वर बॅच घेऊच नका.

ज्या प्राध्यापकांना स्वतःलाच शिकायचंय त्यांनी मात्र असल्या छोट्या पॅकेजवर थांबू नये. भारती विद्यापीठाची पर्यावरण संस्था १९९३ पासून इथेच आहे, प्रकाश गोळ्यांनी १९८२ मध्ये सुरू केलेली इकॉलॉजिकल सोसायटीही इथलीच, आणि सीईई, म्हणजे सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंट एज्युकेशन, यांचं कामही पुण्यात आहे. मी पुढच्या वर्षी यातलं काहीतरी करणारे, दरवेळी दुसऱ्याच्या किटवर किती दिवस काढायचे.

बुकिंगचं म्हणाल तर दिवाळीच्या आधी करा, जानेवारीत सगळ्या कॉलेजांना एकदम जाग येते आणि चांगल्या गाइड ताई मिळत नाहीत, मग हॉलवाल्याच नदीवर येतात. फोनवर स्पष्ट सांगा की फक्त फील्ड हवंय, सेशन नको, पैसे तेवढे कमी करा. आम्हाला पुढच्या वर्षासाठी माणशी साडेचारशेवर आणलंय, गॉगल प्रत्येकाला एक, असं मेलवर लिहून घेतलंय.